ओसाड घरें व त्यांच्या मालकांस दंड

शहरांतील घर ओस पडून ढांसळूं लागलें म्हणजे त्याचा उपद्रव एकट्या मालकास होत नाहीं. भिंत शेजाऱ्यावर येते, आंत उकिरडा सांचतो आणि हळूहळू आळीची वस्ती उठते. म्हणून अशा मालकास शासन करण्याचा अधिकार राजसत्तेनें फार पूर्वींपासून आपल्याकडे घेतला आहे. दंड किती असावा याची चर्चा पुष्कळ होते. परंतु घर कां ओस पडलें हें आधीं विचारावें कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. त्याविषयींचीं दोन जुनीं प्रमाणें येथें देतों.

१. पहिलें प्रमाण कौटिलीय अर्थशास्त्राचें. म्हैसूर येथील हस्तलिखितावरून हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, सेतुबंधाचें काम पांच वर्षें बंद पडल्यास मालकाचें स्वामित्व लोपतें. मात्र आपत्तीचा प्रसंग वगळावा. सोळाव्या अध्यायांत, आपली वस्तु दुसरा उपभोगीत असतां दहा वर्षें स्वस्थ बसणाऱ्याचा हक्क जातो, असा नियम आहे. त्यास अपवाद बाल, वृद्ध, रोगी, संकटांत सांपडलेला, प्रवासास गेलेला, देशत्याग केलेला, आणि राज्यांत बंडाळी माजली असतांचा काळ हे होत. लगेच पुढें घराविषयीं वाक्य आहे, कीं वीस वर्षें उपेक्षिलेल्या वास्तूवर पुन्हा दावा सांगूं नये. या वाक्यांत अपवाद पुन्हा उच्चारलेले नाहींत. परंतु पूर्ववाक्यांतून त्यांची अनुवृत्ति घ्यावी असें मला वाटतें. दंड आहे तो उपेक्षेस, विपत्तीस नव्हे, हा येथील आशय.

२. दुसरें प्रमाण रोमन राज्यांतील असून तें कोरीव लेखाचें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या स्फोटांत गडप झालेल्या हर्क्युलेनियम या गांवीं कांशाचा एक पत्रा सांपडला. त्यावर रोमच्या सेनेट सभेचे दोन ठराव आहेत. पहिला क्लॉडियस बादशहाच्या वेळचा. पाडून नफा मिळविण्याच्या हेतूनें जो कोणी इमारत विकत घेईल त्यानें खरेदीच्या दुप्पट रक्कम सरकारी खजिन्यांत भरावी, असें त्यांत आहे. दुसरा ठराव इ. स. ५६ चा. अलियाटोरिया सेल्सिला नांवाच्या स्त्रीच्या आप्तांनीं अर्ज केला कीं, तिच्या बापानें मुटिना प्रांतीं कांपी माक्री येथें जमिनी व इमारती घेतल्या होत्या. पूर्वीं तेथें बाजार भरे, तो बंद पडून कित्येक वर्षें झालीं. इमारती जुन्या होऊन पडत आहेत, आणि दुरुस्त केल्या तरी तेथें राहावयास कोणी येणार नाहीं. सभेनें अर्ज मान्य करून, त्या पाडल्या किंवा विकल्या तरी दंड होऊं नये असें ठरविलें. नफेखोरास दुप्पट दंड आणि बाजार उठल्यामुळें निरुपाय झालेल्या बाईस माफी, हे दोन्ही निर्णय एकाच पत्र्यावर असावेत हें लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे.

३. आतां वर्तमानाकडे वळूं. इंग्लंडांत वर्षभर रिकाम्या व विनासामान राहिलेल्या घरावर दुप्पट, पांच वर्षांनंतर तिप्पट व दहा वर्षांनंतर चौपट स्थानिक कर घेण्याची मुभा नगरसंस्थांस आहे. तथापि १ एप्रिल २०२५ पासून वारसाहक्काची नुकतीच व्यवस्था झालेल्या, विक्रीस काढलेल्या, किंवा मोठी दुरुस्ती चाललेल्या घरांस एक वर्षापर्यंत या वाढीव करांतून सूट मिळते. आपल्याकडे मुंबईच्या १८८८ च्या कायद्याचें ३५४ वें कलम व इतर महानगरपालिकांसाठीं झालेल्या १९४९ च्या कायद्याचें २६४ वें कलम यांअन्वयें मोडकळीस आलेली इमारत पाडण्याची, सांवरण्याची किंवा दुरुस्त करण्याची आज्ञा मालकास करतां येते. हीं कलमें धोक्यासाठीं आहेत. उपेक्षेचें कारण तीं विचारीत नाहींत. परिणाम असा कीं, ज्यास घर राखावयाचें आहे पण ऐपत नाहीं, त्यास पाडण्याची आज्ञा ही शिक्षा होते; आणि जो घर पडण्याचीच वाट पाहत आहे, त्यास तीच आज्ञा देणगी ठरते. क्लॉडियसच्या वेळच्या ठरावानें नेमकी हीच देणगी बंद केली होती.

४. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या वाड्यांत पोथ्या आहेत असें कळल्यावरून मी तेथें गेलों. दारावर नोटीस डकविलेली होती. वारस सतरा, त्यांपैकीं कोणी परगांवीं, कोणी परदेशीं, एकाची सही असे तर दुसऱ्याची नसे. कौलें फुटून दोन पावसाळे लोटले होते. माळ्यावरचे सहा रुमाल भिजून त्यांचा दगडासारखा गोळा झाला होता. वाचण्याजोगीं अकरा पानें निघालीं, आणि तींही निरनिराळ्या पोथ्यांचीं. त्या वारसांपैकीं दुष्ट असा कोणीही नव्हता.

ओसाड घरांच्या मालकांस दंड नसावा असें माझें म्हणणें नाहीं. दंड करणारानें कौटिल्याप्रमाणें आधीं कारण विचारावें, आणि पाडण्यापूर्वीं सांवरण्याची आज्ञा द्यावी, एवढेंच म्हणणें आहे. असो. तें होईल तेव्हां होवो. तोंवर वाड्याच्या दारावर अशी नोटीस दिसल्यास आपण संग्राहकांनीं तींतील मुदत मोजून पाहावी, आणि ती संपण्यापूर्वीं वारसांची परवानगी घेऊन माळ्यावर चढावें.