एक पेनी, एकच भाव : ब्रिटनच्या बाजारपेठेतील ज्यू घराणी

ब्रिटनमधील ज्यू समाजाचा इतिहास सलग नाही. १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने इंग्लंडातील साऱ्या ज्यूंना देशाबाहेर घालवले आणि त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १६५६ मध्ये, क्रॉमवेलच्या काळात त्यांच्या वास्तव्याला पुन्हा वाट मोकळी झाली. पुढील दोन शतकांत हा समाज लहानच राहिला, आणि बाहेरच्यांना तो दिसे तो मुख्यतः पेढ्या व परदेशी व्यापार यांच्या द्वारे. लायोनेल डी रॉथशील्ड १८४७ मध्ये कॉमन्स सभेवर निवडून आले, पण शपथेतील ख्रिस्ती शब्द उच्चारण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे त्यांना प्रत्यक्ष सभागृहात बसायला १८५८ साल उजाडले. ज्या ससून घराण्याचे नाव मुंबईतील गोदीमुळे आणि पुण्यातील रुग्णालयामुळे मराठी वाचकांच्या कानावरचे आहे, त्याच्या शाखाही पुढे लंडनच्या प्रतिष्ठित वर्तुळात रुजल्या. तथापि ब्रिटिश माणसाच्या रोजच्या खरेदीला आणि खाण्यापिण्याला ज्यांनी वळण लावले ते या धनिकांपैकी नव्हते. त्यांतील बरेचसे पाठीवर गाठोडे घेऊन आलेले निर्वासित होते, किंवा अशाच स्थलांतरितांची मुले होती.

१८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि रशियन साम्राज्यात ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांची लाट उसळली. या दहशतीमुळे, आणि तितक्याच तीव्र दारिद्र्यामुळे, पुढच्या तीन दशकांत लाखोंनी पश्चिमेची वाट धरली. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेले. जे ब्रिटनमध्ये थांबले त्यांनी लंडनचा ईस्ट एंड, मँचेस्टर आणि लीड्स येथील दाटीच्या मोहल्ल्यांत बस्तान बसवले. स्लोनिम या आज बेलारूसमध्ये असलेल्या गावचा मायकेल मार्क्स त्यांपैकीच एक. इंग्रजी त्याला जेमतेम येत होते आणि भांडवल जवळ नव्हते. लीड्सचा घाऊक व्यापारी आयझॅक ड्यूहर्स्ट याने पाच पौंडांची उसनवार दिली, त्यातून मार्क्सने माल भरला आणि गावोगाव फेरी करून झाल्यावर १८८४ मध्ये लीड्सच्या कर्कगेट बाजारात उघड्यावर मांडणी लावली.

या मांडणीवर सुया, टाचण्या, बटणे, दोऱ्याची रिळे, मोजे, साबण असा घरगुती माल असे. मार्क्सने त्याचे किमतीनुसार भाग पाडले, आणि एका भागावर पाटी लावली, तिचा आशय असा की भाव विचारू नका, प्रत्येक वस्तू एक पेनीला आहे. एका पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत, यावरून ही रक्कम किती किरकोळ होती याची कल्पना येईल. ज्या विक्रेत्याला गिऱ्हाइकाशी अस्खलित बोलता येत नाही त्याला घासाघीस परवडत नाही, ही या युक्तीमागची अडचण उघड आहे. पण पाटीचा खरा लाभ गिऱ्हाइकाला झाला. गिरणी कामगाराच्या बायकोला आता दुकानदारापुढे आपली ऐपत उघडी करावी लागत नव्हती. ती माल हातात घेऊन पाहू शकत होती आणि न घेताच पुढे जाऊ शकत होती. किरकोळ व्यापाराच्या इतिहासात या मोकळीकीला जितके महत्त्व दिले जाते त्याहून अधिक द्यायला हवे.

धंदा वाढला तसा मार्क्सला हिशेब आणि गोदाम सांभाळणारा भागीदार हवा झाला. ड्यूहर्स्टकडील रोखपाल थॉमस स्पेन्सर, जो ज्यू नव्हता, याने १८९४ मध्ये ३०० पौंड घालून निम्मा हिस्सा घेतला. स्पेन्सर १९०५ मध्ये आणि मार्क्स १९०७ मध्ये वारला. काही वर्षांच्या अंतर्गत संघर्षानंतर मार्क्सचा मुलगा सायमन १९१६ मध्ये अध्यक्ष झाला आणि त्याचा शाळूसोबती इझ्रायल सीफ त्याला येऊन मिळाला. या दोघांनी एकमेकांच्या बहिणींशी लग्ने केली होती. १९२४ मध्ये अमेरिकेतील दुकाने पाहून आल्यावर सायमनने घाऊक दलालांना वगळून थेट कारखान्यांकडून माल घेण्याचे धोरण आखले. लेस्टरच्या कोरा कंपनीने १९२६ मध्ये त्याला साथ दिली, तीही घाऊक व्यापाऱ्यांचा रोष पत्करून. वस्तूची किंमत पाच शिलिंगांच्या वर जाऊ द्यायची नाही असे बंधन ठरल्यामुळे कापडाची प्रत, शिवण आणि रंगाचा पक्केपणा यांवर दुकानाचीच नजर राहू लागली. १९३० च्या दशकात तर कापड तपासण्यासाठी कंपनीने स्वतःची प्रयोगशाळाच उभारली. १९२८ मध्ये नोंदवलेली ‘सेंट मायकेल’ ही मुद्रा वडिलांच्या नावाची आठवण म्हणून ठेवलेली होती, आणि अनेक पिढ्यांच्या ब्रिटिश घरांत ती टिकाऊ कपड्याची खूण ठरली.

याच लीड्समध्ये, लिथुआनियातून किशोरवयात एकटा आलेल्या माँटेग्यू बर्टनने मापाचा सूट कारकुनाच्या व कामगाराच्या आवाक्यात आणला. हडसन रोडवरील त्याच्या कारखान्यात दहा हजारांच्या आसपास माणसे काम करीत.

या परिश्रमांकडे सर्वांनी कौतुकाने पाहिले असे नाही. परकीयांच्या प्रवेशावर मर्यादा घालणारा १९०५ चा कायदा मुख्यत्वे पूर्व युरोपातील ज्यूंना डोळ्यांसमोर ठेवून झाला होता.

चहाघरांच्या धंद्याचे उदाहरण मार्क्स आणि बर्टन यांच्याहून वेगळे आहे, कारण तो उभारणारी सॅमन आणि ग्लकस्टाइन ही घराणी १८८१ च्या आधीच लंडनमध्ये स्थिरावली होती आणि तंबाखूच्या व्यापारात त्यांचा जम बसला होता. फिरतीवर असताना माँटेग्यू ग्लकस्टाइनच्या लक्षात आले की दारूचा गुत्ता सोडला तर शहरात साध्या माणसाला बसून काही घ्यावे अशी बरी जागा मिळत नाही. खाद्यपेयांचा धंदा घराण्याच्या नावाला शोभणार नाही अशी भीती होती, म्हणून नात्यातील जोसेफ लायन्स यांना पुढे करून त्यांच्या नावाने कंपनी काढण्यात आली. १८८७ च्या न्यूकॅसल प्रदर्शनात तिचा चहा प्रथम विकला गेला आणि १८९४ मध्ये पिकॅडिलीत पांढऱ्या-सोनेरी दर्शनी भागाचे पहिले चहाघर उघडले. अल्पावधीत त्यांची साखळी पसरली आणि सगळीकडे चहा, भाव व टापटीप सारखीच मिळू लागली. विशेष म्हणजे कचेरीत काम करणारी तरुणी तेथे एकटी बसून जेवू शकत होती व कोणी भुवया उंचावत नव्हते. स्त्रियांच्या सार्वजनिक वावराच्या दृष्टीने या चहाघरांचे मोल फार मोठे आहे.

दोन-दोन पेन्सच्या विक्रीतून नफा काढायचा तर कारकुनीचा खर्च आवरणे भाग होते, आणि या काटकसरीनेच कंपनीला अनपेक्षित दिशेला नेले. १९४७ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची माहिती घेतली, केंब्रिज विद्यापीठातील यंत्राच्या उभारणीला ३,००० पौंडांची मदत केली आणि त्याच नमुन्यावर ‘लिओ’ हा स्वतःचा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याने बेकरीतील मालाचे मूल्यांकन करून दाखवले; नेहमीच्या व्यापारी कामासाठी संगणक वापरण्याचा तो जगातील पहिला प्रसंग मानला जातो. या कामांची आखणी करणारे डेव्हिड कॅमिनर हेही ईस्ट एंडमध्ये वाढलेले ज्यू गृहस्थ. पुढे चहाघरांच्या मागण्याही याच यंत्रावर आल्या. प्रत्येक चहाघराची ठरलेली मागणी आधीच नोंदलेली असे, तेथील व्यवस्थापिका रोज फोनवरून फक्त तीत करायचा बदल कळवी, फोन घेणारी मुलगी तो ऐकताऐकता कार्डावर छिद्रांनी नोंदवी, आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या दुकानात किती पाव व केक पाठवायचे याच्या याद्या यंत्रातून छापून निघत.