गराज सेल
वापरलेल्या वस्तू गराजमध्ये वा अंगणात मांडून विकण्याची ही अमेरिकी प्रथा बहुधा शनिवारी सकाळी पाहावयास मिळते. व्यवहार रोखीचा, घासाघीस गैर मानली जात नाही आणि मंडईत वाढलेल्या मराठी माणसास ती शिकवावी लागत नाही! निवड हवी असल्यास सकाळी लवकर जावे, स्वस्ताई हवी असल्यास दुपारी. उरलेले सामान परत आत नेणे विक्रेत्याच्या जिवावर येते.

तान्ह्या बाळाच्या वस्तूंना मात्र हा मोह लावू नये. एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिबची विक्री जून २०११ पासून निषिद्ध आहे, गराज सेलमध्येही. निखळलेल्या बाजूच्या फटीत अडकून बालके दगावली होती. कारसीटवर छापलेली मुदत तपासता येते, परंतु ती अपघातातून गेली आहे काय, हे पाहून कळत नाही. अनोळखी व्यक्तीकडून ती घेऊच नये.