'च्या हितासाठी' : इंग्रजीतील शब्दयोगी पदबंधांची हकीकत

आपल्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेक पिढ्यांच्या दप्तरात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेले पी. सी. रेन हे त्याचे एक कर्ते. त्या पुस्तकात शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात वर्णानुक्रमे लावलेली एक यादी येते: 'अकॉर्डिंग टु', 'बाय व्हर्च्यू ऑफ', 'इन अकॉर्डन्स विथ', 'इन ल्यू ऑफ', 'इन स्पाइट ऑफ' आणि अशी आणखी कितीतरी. ही यादी आपण पाठ केली, तिच्या आधाराने गाळलेल्या जागा भरल्या, आणि पुढे नोकरीच्या अर्जापासून न्यायालयाच्या नोटिशीपर्यंत सर्वत्र ती आपल्याला भेटत राहिली. घरात मराठी, बाजारात या प्रांताची भाषा आणि कचेरीत इंग्रजी असा तिहेरी व्यवहार करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना तर ती अधिकच भेटली असणार. हे शब्द आले कोठून, हे मात्र त्या यादीत लिहिलेले नसते.

एक काळ असा होता की इंग्रजीला या पदबंधांची फारशी गरजच नव्हती. नवव्या-दहाव्या शतकातील जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या. मराठीत 'रामाने', 'रामाला' म्हणताना नामाचे रूप बदलते, तसेच तेथेही बदलत असे. शब्दयोगी अव्यये होती, पण बराचसा भार विभक्ती वाहत होत्या. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांशी सहवास, शब्दांच्या शेवटच्या स्वरांची झीज आणि 1066 नंतर नॉर्मन सत्तेखाली इंग्रजीचे लेखनव्यवहारातून झालेले उच्चाटन अशा अनेक कारणांनी त्या विभक्ती गळून गेल्या. मग 'ऑफ', 'टु', 'बाय', 'विथ' या इवल्याशा शब्दांवर सारा डोलारा येऊन पडला.

दरबार आणि न्यायालय यांची भाषा त्या वेळी फ्रेंच होती आणि दप्तराची लॅटिन. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 साली झाला. गंमत अशी की तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. कारकून इंग्रजीकडे वळले तेव्हा हाताला बसलेले फ्रेंच साचे त्यांनी सोडले नाहीत. 'इन ल्यू ऑफ' मधील 'ल्यू' म्हणजे फ्रेंचमधील 'जागा'. 'बाय व्हर्च्यू ऑफ', 'इन केस ऑफ', 'इन स्पाइट ऑफ' हे सगळे याच घराण्यातले: पुढे एक अव्यय, मध्ये एक भारदस्त परकी नाम, मागे 'ऑफ'. आपण रोज वापरतो ते साधे 'बिकॉज' देखील मुळात 'बाय कॉज' असे दोन शब्द होते. घासून घासून त्यांचा एक झाला.

मराठी माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही, कारण आपल्याकडेही हेच घडले. 'ऐवजी', 'बद्दल', 'बाबत', 'मार्फत', 'खेरीज', 'शिवाय' ही आपली रोजची शब्दयोगी अव्यये अरबी-फारसीतून, सुलतानांच्या दप्तरातून आली. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, पण ही अव्यये आजही आपल्या तोंडी आहेत. 'बरहुकूम' हा शब्द तर मुद्दाम पाहावा. फारसीत 'बर' हे अव्यय पुढे आणि 'हुकूम' हे नाम मागे, म्हणजे इंग्रजी 'बाय ऑर्डर ऑफ' सारखीच रचना. मराठीने ती अख्खी उचलली आणि आपल्या स्वभावानुसार नामाच्या मागे नेऊन बसवली: 'नियमांबरहुकूम'. राज्यकर्त्यांची भाषा जाते. नात्याचे शब्द मागे ठेवून जाते.

मराठीशी आणखी एक साम्य कायद्याच्या इंग्रजीत दडलेले आहे. जुन्या इंग्रजीत सर्वनामानंतर अव्यय येण्याची रीत होती, जशी आपल्याकडे 'त्यावर', 'त्यासाठी' अशी असते. बोलण्यातून ती रीत गेली, पण 'देअरऑफ', 'देअरअपॉन', 'हिअरबाय', 'व्हेअरइन' या शब्दांत ती गोठून राहिली. खरेदीखतात ज्या शब्दांनी सामान्य माणूस बिचकतो, ते शब्द रचनेच्या दृष्टीने मराठीला सर्वांत जवळचे आहेत.

सतराव्या शतकात या अव्ययांच्या जागेचाच वाद उभा राहिला. वाक्याच्या शेवटी अव्यय लोंबकळत ठेवणे कवी ड्रायडनला खटकू लागले. त्याने 1672 साली बेन जॉन्सनला त्याबद्दल दोष दिला, आणि 1668 साली प्रसिद्ध झालेला आपला नाट्यविषयक निबंध 1684 मध्ये पुन्हा छापताना तशी स्वतःची वाक्येही बदलून टाकली. पुढे 1762 साली रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात समंजस निवाडा दिला: बोलण्यात आणि घरगुती लेखनात अव्यय शेवटी शोभते, गंभीर लेखनात मात्र ते आधी घ्यावे. हा नियम सांगणारे त्यांचे वाक्यच अव्यय शेवटी ठेवून रचलेले होते. ती थट्टा होती की सहज सवय, यावर आजही मतभेद होऊ शकतात. मला ती थट्टा वाटते. 1795 साली लिंडली मरे यांनी हाच नियम आपल्या शालेय व्याकरणात घेतला तेव्हा अव्यय निमूटपणे उचलून पुढे ठेवले आणि विनोद संपवला. मरे यांचे पुस्तक अफाट खपले, आणि गंभीर इंग्रजीचे वळण शाळाशाळांत पोहोचले ते असे.

भारतात हे वळण कंपनी सरकारच्या दप्तरातून आले. कचेऱ्यांतून फारसी हटवणारा कायदा 1837 साली झाला. वरच्या न्यायालयांत तिची जागा इंग्रजीने घेतली, आणि कायद्याच्या भाषेबरोबर हे पदबंधही आले. ते किती जड असू शकतात याचे उदाहरण म्हणजे दंडसंहितेचे कलम 34. 1870 साली त्यात 'इन फर्दरन्स ऑफ' हा पदबंध नव्याने घातला गेला: सर्वांचा समान उद्देश पुढे नेण्यासाठी केलेले कृत्य. कोलकात्याच्या शांकारीटोला टपाल कचेरीत 1923 साली दरोड्याच्या वेळी पोस्टमास्तरांचा खून झाला. आपण केवळ बाहेर उभे होतो, असा एका आरोपीचा बचाव होता. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला, कारण समान उद्देशासाठी नुसते उभे राहून वाट पाहणे हाही त्या कृत्यातील सहभागच. जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो पदबंध तसाच आहे.

बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेल यांनी 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा पदबंधांवर कोरडे ओढले. साध्या अव्ययाची जागा ही लांबलचक शेपटे घेतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दिलेल्या नमुन्यांत 'इन द इंटरेस्ट्स ऑफ' हाही होता. ऑरवेल यांच्या लेखी तो पोकळ होता. पुढच्या पाच वर्षांत तो भारताच्या संविधानात दाखल झाला आणि पोकळ मुळीच राहिला नाही.

मूळ संविधानातील अनुच्छेद 19 च्या दुसऱ्या खंडात भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालण्याची कारणे मोजकीच होती. मुंबईतून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास प्रांतात बंदी झाली, ती सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था राखण्याच्या कायद्याखाली. सर्वोच्च न्यायालयाने मे 1950 मध्ये ती बंदी रद्द केली, कारण राज्याची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था या एकच गोष्टी नव्हेत. त्यानंतर जून 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने मर्यादा 'वाजवी' असाव्यात असे म्हटले, ही जमेची बाजू. त्याच वेळी 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण वाढवले, आणि या कारणांना स्वातंत्र्यावरील मर्यादांशी जोडायला शब्द वापरले 'इन द इंटरेस्ट्स ऑफ', मराठीत सांगायचे तर 'च्या हितासाठी'.

'सुव्यवस्था राखण्यासाठी' आणि 'सुव्यवस्थेच्या हितासाठी' यांत फरक काय, असे शाळेत विचारले असते तर आपण कदाचित 'काही नाही' म्हणालो असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात सांगितले की फरक मोठा आहे. एखादा कायदा सुव्यवस्था थेट राखण्यासाठी नसला, तरी तो सुव्यवस्थेच्या हितासाठी असू शकतो. म्हणजे या एका पदबंधाने कुंपण बरेच बाहेर सरकले. 'गोरक्षक' मासिकाच्या संपादकाची शिक्षा कायम राहिली.

मग हे कुंपण कोठवर सरकायचे? उत्तर प्रदेश सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले होते. वाढीव दर भरू नका, असे डॉ. राममनोहर लोहिया यांनी 1954 साली फर्रुखाबादच्या सभांत शेतकऱ्यांना सांगितले, आणि 1932 च्या एका कायद्याखाली त्यांना अटक झाली. देणी न भरण्याची चिथावणी देणे हाच त्या कायद्याने गुन्हा होता. आज कर भरू नका म्हटले की उद्या लोक राज्यच उलथतील, म्हणून ही तरतूद सुव्यवस्थेच्या हिताची, असा सरकारचा युक्तिवाद होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने लोहियांची सुटका केली आणि जानेवारी 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांच्या निकालाचा आशय असा की 'च्या हितासाठी' याचा अर्थ कितीही रुंद असला, तरी मर्यादा आणि सुव्यवस्था यांचे नाते जवळचे व खरे असले पाहिजे. कल्पनेच्या साखळीने जोडलेले दूरचे नाते चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्दबातल ठरवताना 2015 साली न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला.

आणि ज्यांच्या नावाने इंग्रजीतील या पदबंधाची सीमा आज वकील मंडळी सांगतात, ते लोहिया त्याच दशकात गावोगावी 'अंग्रेजी हटाओ' ही चळवळ चालवीत होते.