कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, मग गेम्स गेले का?

मागच्या उन्हाळ्यात नववीतला एक विद्यार्थी रडवेला होऊन आला. दुकानदाराने कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि दोन ईदची ईदी जमवून घेतलेले गेम्स स्क्रीनवरून गायब झाले. अब्बू म्हणाले, "पैसे पाण्यात गेले." खरं म्हणजे गेले नव्हते.

स्टीम (२००३ पासून) किंवा एपिक गेम्स (२०१८) हे लाँचर म्हणजे दुकान आणि कपाट एकत्र. विकत घेतलेला गेम आपल्या खात्यावर नोंदला जातो, हार्ड डिस्कवर असते ती फक्त त्याची प्रत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' स्टीमवर घेतला आणि डिलीट केला, तरी लॉगिन करून पुन्हा डाउनलोड करता येतो, पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र आपल्याला मिळतो तो खेळायचा परवाना, मालकी नाही. खातं विकणं नियमात बसत नाही.

म्हणून जपायचं ते खातं. या मुलाची खरी अडचण हीच होती: खातं उघडलं होतं चुलतभावाच्या जुन्या ईमेलवर, आणि तो पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता! ईमेल आई-वडिलांच्या ताब्यातला असावा आणि मोबाइलवर स्टीम गार्ड चालू असावं. "माझ्या टीमला मत दे", "फ्री स्किन घे" अशा लिंकवर पासवर्ड टाकला की खातं दुसऱ्याच्या हातात जातं. लिंक ओळखीच्या मित्राकडून आली तरी आधी त्याला फोन करून विचारा.

फॉरमॅटपूर्वी एक काम करा. गेम किती पुढे गेला याची नोंद, म्हणजे सेव्ह फाइल, स्टीम क्लाउडमध्ये आपोआप जाते, पण सगळ्याच गेम्सची नाही. ज्यांची जात नाही त्यांची पेन ड्राइव्हवर कॉपी घ्या. गेम्स डी ड्राइव्हवर असतील तर तो ड्राइव्ह फॉरमॅट करू देऊ नका. नंतर स्टीम टाकून सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये तो जोडला की गेम्स परत दिसतात. ५०-६० जीबी पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा हे बरं.

डाउनलोड चालू असताना लाइट गेली, मग गेम उघडेना? लगेच अनइन्स्टॉल करू नका. लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे फाइल्स व्हेरिफाय करा. बिघडलेल्या तेवढ्याच फाइल्स पुन्हा उतरतात. डाउनलोड अडकलं तर डाउनलोड्स सेटिंगमध्ये कॅशे साफ करा. 'डिस्क राइट एरर' दिसला तर आधी जागा शिल्लक आहे का बघा, मग अँटिव्हायरस. तरीही तेच होत असेल तर हार्ड डिस्क तपासून घ्या. विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचा सपोर्ट जानेवारी २०२४ पासून बंद आहे, जुना पीसी घेताना हे विचारा.

घरात दोन-तीन मुलं असतील तर २०२४ मध्ये आलेलं स्टीम फॅमिलीज कामाचं आहे. एकाच घरातल्या ६ जणांपर्यंत लायब्ररी वाटता येते, मुलांच्या खेळण्याची वेळ आई-वडील ठरवू शकतात. पण धाकट्याने थोरल्याच्या गेममध्ये चीटिंग केली तर त्या गेममध्ये बंदी दोघांवर येते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात भांडण ठरलेलं.

गेम चुकून घेतला गेला? खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीमकडे रिफंड मागता येतो.