खातेसूचीची निर्यात

व्यवसायाच्या हिशेबातील सर्व खात्यांची गटवार मांडणी म्हणजे खातेसूची. खतावणीच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या खात्यांच्या अनुक्रमणिकेचे हे संगणकीय रूप होय. टॅली या प्रणालीत २८ पूर्वनिर्धारित गट असून त्यांत १५ मुख्य गट व १३ उपगट आहेत.

बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागातील एखाद्या कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घेता येईल. यंत्रमागधारक, सूत पुरवठादार व गिऱ्हाईक यांची शेकडो खाती प्रणाली बदलताना हाताने पुन्हा भरल्यास नावात वा शिलकेत चूक संभवते. निर्यातीमुळे ती टळते.

टॅली प्राइममध्ये ‘ऑल्ट’ व ‘ई’ या कळा एकत्र दाबून ‘मास्टर्स’ निवडावे. दुसऱ्या कंपनीत आयात करायची असल्यास एक्सएमएल स्वरूप घ्यावे. लेखापरीक्षकास सूची पाहण्यासाठी एक्सेल सोयीचे. अखेरची शिल्लक नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक म्हणून न्यायची की नाही, हे त्याच वेळी ठरवावे. आयातीत ‘आरंभीच्या शिलका एकत्र करा’ हा पर्याय नकळत निवडला गेल्यास आधीच्या रकमेत नवी रक्कम मिळवली जाते. म्हणून आयातीपूर्वी बॅकअप घ्यावा आणि नंतर तेरीज ताडून पाहावी.

खातेसूचीबरोबर व्यवहारांच्या नोंदी जात नाहीत. त्यामुळे जुनी माहिती पुसू नये. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने, तर कंपनी कायद्यानुसार ८ वर्षे हिशेब जतन करणे बंधनकारक आहे.