बिनवायरीचे हत्यार आणि कामगाराचा हात

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया नि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्ही शाळा लवकर सोडली. जो काही इतिहास शिकलो तो कारखान्याच्या फाटकाशी आणि ग्रंथालयाच्या बाकावर. म्हणून आज एका हत्याराचाच इतिहास सांगण्याचे योजले आहे. ज्या बॅटरीवरच्या ड्रिलने तुमच्या घरातले कपाट भिंतीला बसते, त्या हत्याराचा.

जुन्या कारखान्यांत एका वाफेच्या इंजिनावर सारी यंत्रे चालत. छताखाली लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रावर उतरत. या पट्ट्यांत सदऱ्याची बाही सापडून कित्येकांनी हात गमावले, काहींनी प्राण. पण धोका एका जागी उभा होता, म्हणून कायद्याला त्याच्याभोवती कठडा घालता आला. 1948 च्या कारखाने कायद्याचे 21 वे कलम याच कठड्याचे होते.

पुढे ही शक्ती कामगाराच्या मुठीत आली. 1895 साली जर्मनीत श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्याने हाती धरता येईल असे विजेचे ड्रिल बनविले. 1917 साली अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर या जोडीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. यंत्र सुरू करायला आता एक बोट पुरेसे झाले. 1961 साली त्यांच्याच कंपनीने निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणले आणि वायर गळाली. 1971 साली अपोलो 15 चे वीर असेच बॅटरीवरचे ड्रिल चंद्रावर घेऊन गेले. तेथेही त्याची नळी जमिनीत अशी रुतली की दोघांना मिळून ती उपसावी लागली. 1991 साली लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ती हत्यारांत बसू लागली.

या बदलाने कामगाराचे भले झाले, हे आम्ही प्रथम कबूल करतो. ओल्या फरशीवरून सोललेली वायर ओढणे टळले. टाकी, खड्डा अशा बंदिस्त जागी 24 व्होल्टहून अधिक दाबाचा हातदिवा पुरेशा सुरक्षासाधनांवाचून वापरू नये, असे 1948 चा कायदा सांगत असे. आज पुष्कळशी हत्यारे 18 व्होल्टवर चालतात.

मग गमावले काय? काही वर्षांपूर्वी एक फॅब्रिकेशनचा कारागीर पट्टी बांधलेला हात घेऊन आमच्या कचेरीत आला. ग्राइंडरची चकती बदलताना बटण सरकले आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ठेकेदाराने ‘त्याचाच हलगर्जीपणा’ म्हणून हात झटकले होते. आम्हीही रागाने विचारले, “चकती बदलताना पिन काढायची, हे तुला ठाऊक नव्हते?” तो म्हणाला, “भाऊ, पिन होती कुठं काढायला?”

आम्ही निरुत्तर झालो. लोंबणारी पिन ही साऱ्यांना दिसणारी खूण होती. आता वीज हत्याराच्या पोटातच असते. म्हणून पहिला नियम हा, की बिट, पाते वा चकती बदलण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. चकतीवरचे कवच अडचण म्हणून काढू नये. डोळ्यांवर चष्मा हवा. ड्रिल चालवताना सैल बाही नि हातमोजा नको. बिट अडकले की सारा पीळ मनगटात येतो, म्हणून मोठ्या कामाला बाजूची मूठ लावावी. आणि वायर नाही म्हणून शॉक नाही, हा समज खोटा आहे. भिंतीतली जिवंत तार बिटाला लागली तर वीज बिटातून हत्याराच्या धातूच्या भागात येऊ शकते.

बॅटरीचीही निगा हवी. निकेल-कॅडमियमच्या काळात ती पार संपवून मग चार्ज करण्याची सवय लागली; लिथियमला ती सवय मारक आहे. तापलेली बॅटरी निवल्यावरच चार्ज करावी आणि तीही तिच्याच चार्जरवर. सुटी बॅटरी खिळ्यांच्या डब्यात टाकली तर तिची दोन टोके जोडली जाऊन आग लागू शकते. फुगलेली वा फुटलेली बॅटरी वापरू नये, कचऱ्यातही टाकू नये. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

परंतु हे नियम एकट्या कारागिराला सांगून आम्ही मोकळे झालो, तर तो ठेकेदार आणि आम्ही यांत फरक काय राहिला? 1948 च्या कायद्याचा कारखाना साधारणतः यंत्रशक्ती आणि दहा कामगार यांनी ठरत असे. बिनवायरीचे हत्यार पिशवीत घालून एकटा माणूस घरोघर जातो. त्याच्यामागे ना कठडा, ना निरीक्षक.

श्रोतेहो, उद्या तो तुमच्याच घरी येईल. त्या दिवसापुरता त्याचा कारखाना म्हणजे तुमची खोली आहे. भिंतीत वायर कोठून गेली आहे ते त्याला आधी सांगा. चष्मा नसेल तर तो आणेपर्यंत थांबा. ‘आजच्या आज उरका’ असा तगादा लावू नका. घाईत बॅटरी काढायची राहून जाते, आणि त्या घाईची किंमत तुमच्या नव्हे, त्याच्या बोटांनी चुकती होते.