गळकें छप्पर : डहाणू-तलासरीच्या इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण

इतिहासाच्या ग्रंथांत डहाणूचें नांव येतें तें बहुधा एका ओळीपुरतें. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत चिमाजी अप्पांच्या फौजांनीं पोर्तुगीजांकडून जीं ठाणीं घेतलीं त्यांत डहाणू होतें, एवढें सांगून इतिहासकार लगबगीनें वसईकडे वळतो. तट, बुरूज आणि तोफा ह्यांची मोजदाद त्यानें केलेली असते. पण तटाच्या आंतील कोठाराचें छप्पर दरसाल कोण शाकारीत असे, हा प्रश्न त्याला सुचत नाहीं. वास्तविक ह्या किनाऱ्यावर मनुष्याचें सर्वांत जुनें वैर पावसाशीं आहे. आजही डहाणूच्या पेठेंत अथवा तलासरीच्या हमरस्त्यावरील दुकानांत मृग लागला कीं एकच तक्रार कानीं येते : छत गळतें. इमारत तर नवी, सिमेंटाची. मग ती गळावी कां?

ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं थोडें मागें जावयास हवें. आदिमानवानें प्रथम सपाट छपरें केलीं, तीं हिवाळी पावसांत टिकेनात, म्हणून त्यानें उतरतीं पाखीं करून वर चिखल लिंपला, असें व्हिट्रुव्हियस ह्या रोमन स्थापत्यकारानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. रोमच्या पावसाची ही कथा. आमच्या कोंकणपट्टींत तर सारें वर्षाचें पाणी चार महिन्यांत कोसळतें. वारली लोकांच्या कुडाच्या झोंपडीवर गवताचें जें उभट छप्पर असतें, तें ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. गवत कांहीं जलाभेद्य नव्हे. परंतु पाणी एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीला पोंचतें, आंत झिरपावयास त्याला सवडच मिळत नाहीं. पाख्याचा उतार कमी केला कीं तेंच छप्पर गळूं लागतें. शिवाय गवत कुजतें, म्हणून तें पावसाळ्यापूर्वीं पुन्हां घालावें लागतें. छप्पर म्हणजे एकदां बांधून मोकळें होण्याची वस्तु नसून दरसालचें एक काम आहे, हें जुन्या लोकांनीं गृहीतच धरलें होतें. 'शाकारणें' हा शब्द आमच्या भाषेंत आहे तो ह्यामुळेंच.

कौलारू घराचीही गोष्ट तीच. नळीचीं कौलें वानरांनीं, मांजरांनीं, वाऱ्यानें सरकावीं आणि वैशाखांत कोणीतरी वर चढून तीं परत बसवावीं, हा क्रम ठरलेला. १८६५ च्या सुमारास बासेल मिशनच्या प्लेब्स्ट ह्यांनीं मंगळुरास यंत्रानें कौलें पाडण्यास आरंभ केला. हीं कौलें एकमेकांत अडकतात, त्यामुळें सरकण्याचें भय कमी झालें. आढें आणि दोन पाखीं मिळतात ती पन्हळ, ह्या दोन जागा मात्र गळक्या राहिल्या त्या राहिल्याच. पावसाचें पाणी पृष्ठभागांतून क्वचित् शिरतें. तें शिरतें सांध्यांतून. ज्याला छपराचा रोग ओळखावयाचा असेल त्यानें मधली जागा सोडून कडांकडे पाहावें.

१८६४ सालीं मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग पुरा झाला आणि डहाणू गांवापासून दूर 'डहाणू रोड' नांवाची निराळीच वस्ती वाढूं लागली. व्यापाराच्या वखारी उभ्या राहिल्या, आणि व्यापाराचें आवडतें छप्पर म्हणजे पत्रा. लंडनच्या गोदीवरील अभियंता हेन्री पामर ह्यानें १८२९ मध्यें नागमोडी पत्र्याचें पेटंट घेतलें. पुढें त्यावर जस्ताचा मुलामा चढूं लागला. हलका, स्वस्त आणि झटपट बसणारा हा पदार्थ वखारवाल्यांस वरदानच वाटला असेल. पण पत्र्याला भोंक पाडल्यावांचून तो बसत नाहीं. खिळा लाटेच्या माथ्यावर मारावा, खोलगट भागांत नव्हे, कारण पाणी वाहतें तें खोलगटांतून. एवढा साधा नियम घाईंत मोडला जातो. दुपारीं पत्रा तापून पसरतो, रात्रीं आखडतो. ह्या रोजच्या ओढाताणींत भोंक रुंदावतें, वायसर झिजतो. समुद्राची खारी हवा उरलेलें काम पुरें करते.

ह्या वखारींतून जाणाऱ्या मालांत गवत हा एक मोठा माल होता, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. डहाणू-पालघरच्या माळांवरचें गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. तें कापणारा बहुतेक वारली. सायमिंग्टन ह्यांनीं १९३९ च्या आपल्या अहवालांत ह्या भागांतील वेठीचें वर्णन केलें आहे : जमीनदाराला गरज असेल तितके दिवस कुळानें राबावें, नकार दिल्यास मार, आणि मोबदला फार तर रोजचा एक आणा. ज्या मनुष्याच्या दिवसांवर दुसऱ्याचा असा बेमुदत हक्क आहे, त्याला स्वतःचें छप्पर शाकारावयास वैशाख मोकळा मिळत असेल काय? आमच्या मतें गरिबाच्या घराच्या गळतीचें एक कारण गवतांत नव्हतें, दिवसांच्या मालकींत होतें. १९४५ च्या मे महिन्यांत तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें, शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं, वारल्यांनीं वेठ नाकारली. त्याच शरदांत पांचशें पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावे म्हणून संप झाला, आणि १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें झालेल्या गोळीबारांत पांच माणसें मेलीं. गवताचा भाव इतका महाग पडला.

सिमेंटची सपाट गच्ची आली ती 'आतां शाकारणीची कटकट संपली' असें आश्वासन घेऊनच. तें आश्वासनच खोटें होतें. सपाट म्हटली तरी गच्चीला शंभर फुटांस एक फूट तरी उतार लागतो. तो कोब्यांत काढावा लागतो, आणि गवंड्याचा हात चुकला कीं मध्येंच डबकें सांचतें. पाणी जाण्याची मोरी पालापाचोळ्यानें तुंबते. कठडा व स्लॅब ह्यांच्या सांध्यांत चुन्याचा अथवा सिमेंटचा गोलसर उतार द्यावयाचा असतो. नेमका तोच पैसे वांचविण्यासाठीं गाळतात. मग दुकानाची पाटी उभी करण्यासाठीं कोणी खिळे ठोकतो, कोणी नळ घालण्यासाठीं भोंक पाडतो. एकदां पाणी आंतल्या सळयांपर्यंत पोंचलें कीं गंज चढतो. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, म्हणून तो सिमेंट फोडूनच बाहेर येतो, आणि नव्या भेगेंतून आणखी पाणी शिरतें. घरगुती गच्चीवर मालक अधूनमधून जातो तरी. बाजारांतील इमारतींत खालचे गाळे एकाचे, वरच्या खोल्या दुसऱ्याच्या आणि गच्ची कोणाचीच नव्हे. ठिपका पडतो खालच्या दुकानदाराच्या कापडावर, मोरी साफ करावयाची वरच्यानें. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. दोन मालकांमधला हाही एक सांधाच, आणि पाणी तेथूनही वाट काढतें.

नोव्हेंबर २०१८ पासून ह्यांत एका नव्या कारणाची भर पडली. धुंदलवाडीच्या परिसरांत भूकंपाचे लहान लहान धक्के सुरू झाले, ते शेंकड्यांनीं मोजावे लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का चार प्रतीहून मोठा होता. त्या दिवशींच्या पळापळींत एक लहानगी दगावली. लोक घरें सोडून तंबूंत निजूं लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें तेथें यंत्रें मांडलीं. खडकांच्या भेगांत उतरणाऱ्या पाण्याचा ह्या धक्क्यांशीं संबंध असावा, असेंही कांहीं अभ्यासकांनीं सुचविलें आहे.

अशा धक्क्यांनीं भिंत पडतेच असें नाहीं. पण भिंत व स्लॅब जेथें मिळतात तेथें केसाएवढी चीर जाते. उन्हाळ्यांत ती दिसत नाहीं. पहिल्या सरीनंतर भिंतीच्या माथ्यावर ओल धरते, तेव्हां ती कळते. दुकानदार घाईघाईनें सिमेंटची राळ भरतो. ती वाळून दगडासारखी ताठ होते, आणि पुढच्या धक्क्याला त्याच रेषेंत पुन्हां तडकते. तेथें लवचीक पदार्थ भरावा लागतो, आणि तोही दर वैशाखांत वर चढून पाहावा लागतो.